अक्काने न भरलेले रकाने

अक्का, तू गेलीस त्याच्या चौथ्या दिवशी डॉक्टरांचा कागद माझ्या हातात आला. मृत्यूचं कारण: हृदयक्रिया व श्वसनक्रिया बंद पडणे. दाराबाहेरच्या तिण्णैवर, आपल्या त्या गार ओट्यावर बसून मी तो वाचला आणि मला पहिल्यांदा रडू आलं. घाटावर आलं नव्हतं, घर रिकामं झालं तेव्हाही आलं नव्हतं. कागद वाचून तू काय म्हणाली असतीस ते अगदी स्पष्ट ऐकू आलं, तेव्हा आलं. "हृदय बंद न पडतां कोण मेलें आहे रघू? हें कारण आहे कीं व्याख्या?"

हे मी देवनागरीत लिहितो आहे. तुला वाचता आलं नसतं. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात आणि वाचायची वेळ आली की तमिळ वाचतात. मला ही अक्षरं आली कारण मी पुण्याला शिकलो, आणि मी पुण्याला शिकलो कारण तू शिकायचं थांबवलंस. अण्णा गेले तेव्हा तू बावीस वर्षांची होतीस. रसायनशास्त्राची पदवी हातात होती, चेन्नैला संशोधनाची जागा मिळाली होती. ते पत्र तू घडी करून पितळी डब्यात ठेवलंस आणि गावातल्याच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी धरलीस. त्याबद्दल तू एकदाही बोलली नाहीस. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

त्या कॉलेजच्या गच्चीवर सरकारचं हवा मोजायचं यंत्र होतं. एखाद्या कोंबड्यांच्या खुराड्याएवढी पत्र्याची पेटी, वर उतरतं छप्पर, आत मोटर. ती हवा ओढायची आणि पांढऱ्या जाड कागदातून, फिल्टरमधून, बाहेर सोडायची. आठवड्यातून दोन दिवस ते यंत्र चोवीस तास चालवायचं, दर आठ तासांनी कागद बदलायचा. कागद लावण्याआधी वजन करायचं, काढल्यावर पुन्हा करायचं. फरक म्हणजे धूळ. सुट्टीत घरी आलो की मी तुझ्याबरोबर गच्चीवर यायचो. तू पदर खोचून, चिमट्याने कागदाची कड धरून तो असा उचलायचीस, जणू एखाद्या जखमीची पट्टी सोडवते आहेस.

"एवढं काय जपायचं?" मी एकदा विचारलं होतं.

"बोट लागलें कीं माझा घाम गांवाच्या हवेंत मिळतो," तू म्हणालीस. "मग तो आंकडा माझा. गांवाचा नव्हे."

मी दिल्लीत पर्यावरणाच्या सरकारी कामाला लागलो तेव्हा तू ओल्या नारळाच्या वड्या करून गल्लीत वाटल्यास. देशभरच्या गच्च्यांवरच्या असल्या पेट्यांमधले आकडे आमच्याकडे यायचे. कुठल्या शहराची हवा किती बिघडली, कुठे धूर कमी करायची योजना द्यायची, कुठल्या जिल्ह्याच्या इस्पितळात फुफ्फुसाच्या रोग्यांसाठी जादा सोय करायची, हे त्या आकड्यांवरून ठरायला लागलं होतं. आधी असं नव्हतं. आधी ज्याचा आवाज मोठा त्याच्या शहराचं काम व्हायचं. आता मोजमाप बोलेल असं आम्हाला वाटत होतं, आणि आम्ही ते मनापासून मानत होतो. तंजावूरची ओळ समोर आली की मी पेन थांबवायचो. माझ्या बहिणीने चिमट्याने उचललेला कागद इथवर आला आहे, असं वाटायचं. हे मी तुला सांगितलं होतं की नाही, आता आठवत नाही. सांगितलं असेल अशी आशा आहे.

मग गिरणीची गल्ली आली.

तुझ्या प्रयोगशाळेत झाडू मारायला येणारी सेल्वी तिरुवैयारुच्या रस्त्याला, गावाबाहेरच्या एका भाताच्या गिरणीशेजारी राहायची. त्या गिरणीत भात उकडून वाळवतात आणि मग सडून तांदूळ काढतात. बॉयलरला जळण म्हणून भाताचंच तूस. कापणीच्या दिवसांत धुरांडं थांबत नाही आणि तुसाची काळी राख गल्लीभर उतरते. एक दिवस तू सेल्वीला विचारलंस, रोज आल्या आल्या नळाखाली डोळे का धुतेस. तिने सांगितलं. त्याच संध्याकाळी तू मोपेड काढून तिच्या मागे गेलीस.

परत आल्यावर मला फोन केलास. "तेथें मशीन होणा," म्हणालीस. आपल्याकडे 'हवं' म्हणायचं तर 'होणा' म्हणतात. दिल्लीत इतक्या वर्षांनी तो शब्द कानावर पडला की मला तुझा हट्ट आठवायचा. "माझें मशीन कॉलेजांत आहे. भोंवतीं चिंचेचीं झाडें. तेथली हवा चांगलीच येणार. मी दोन दिवस झाडांची हवा मोजतें आणि गांवाची म्हणून तुला पाठवतें."

दुसरं यंत्र मिळवायला तुला किती पत्रं लिहावी लागली ते मला माहीत आहे, कारण त्यातली निम्मी माझ्या टेबलावरून गेली. शेवटी मिळालं. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या वाचनालयाच्या गच्चीवर ते बसवलं, आणि आठवड्यातले ते दोन दिवस तू मोपेडवरून कॉलेज आणि गल्ली, गल्ली आणि कॉलेज करत राहिलीस. पहिला कागद काढलास तेव्हा तो कोळशाने पुसल्यासारखा काळा होता, असं तू सांगितलंस. तुझ्या आवाजात आनंद होता. त्याची तुला लगेच लाजही वाटली. "लोकांच्या छातींत हें जातें आणि मी खूश होतें, पाहा," म्हणालीस.

पण त्या गल्लीतली वीज वारंवार जायची. वीज गेली की मोटर बंद. चोवीस तास पुरे झाले नाहीत की तो दिवस बाद. अशा दिवशी तू तक्त्यात लिहायचीस: वीज नव्हती, नमुना नाही. पुढचा रकाना रिकामा.

तुझ्या वरच्या साहेबांनी सुचवलं की मागच्यापुढच्या दिवसांची सरासरी काढून तो रकाना भरून टाकावा, सगळीकडे असंच करतात. तू मला फोन केलास. मी त्या वेळी कार्यालयाच्या जिन्यात उभा होतो, वर बैठक सुरू व्हायची होती.

"रघू, भरूं कां?"

मी वर बैठकीच्या दाराकडे बघितलं.

"रिकामे राहिले तर वर्षाचा आंकडा धरीत नाहींत म्हणतात. नियम आहे म्हणतात. खरें कां?"

"खरं आहे."

"मग भरूं?"

"तुला जे बरोबर वाटेल ते कर अक्का," मी म्हणालो आणि बैठकीला गेलो.

तो नियम मी लिहिला होता, अक्का. समितीत आम्ही सहाजण होतो, पण मसुदा माझा होता. वर्षात ठरलेल्या संख्येपेक्षा कमी दिवस मोजलेल्या केंद्राची सरासरी धरायची नाही. हा नियम चांगल्या हेतूने केला होता. चार दिवस मोजून वर्षाचा निवाडा कोणी देऊ नये, एवढंच मनात होतं. ज्या गल्लीत वीज राहत नाही त्याच गल्लीत हवा वाईट असण्याचा संभव जास्त, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. ते तुझ्या डोक्यात आलं. तू तसं लिहूनही पाठवलंस, एक पानभर, इंग्रजीत, टंकलेखनातल्या चुका शाईने दुरुस्त करून. मी ते फाइलला लावलं.

तू रकाने भरले नाहीस. दोन वर्षं तू खरे तेवढेच आकडे पाठवलेस, आणि दोन्ही वर्षं वार्षिक तक्त्यात गिरणीच्या गल्लीपुढे एक आडवी रेघ आली. कॉलेजच्या चिंचेखालचा आकडा मात्र पुरा होता, आणि चांगला होता. त्यावरून तंजावूरची हवा समाधानकारक ठरली. योजनेची शहरं ठरवली गेली त्या यादीत आपलं नाव आलं नाही. त्या गिरणीच्या धुरांड्याला राख पकडणारं यंत्र लावा असं सांगणारा कागद कुठूनच निघाला नाही. तुला गिरणी बंद करायची नव्हती, हे तू दर पत्रात लिहायचीस. गल्लीतली निम्मी घरं त्या गिरणीवर जेवतात. तुला फक्त धुरांड्यावर काहीतरी बसवून हवं होतं.

आता जे तुला सांगितलं नाही ते सांगतो.

ती यादी करताना दुसऱ्या एका राज्यातल्या एका शहराचे आकडे माझ्यापुढे होते. तक्ता पुरा, एकही रकाना रिकामा नाही. वाचता वाचता मला दिसलं की एका महिन्याचे आकडे दोन महिन्यांनी तसेच्या तसे, त्याच क्रमाने पुन्हा आले आहेत. हवा अशी स्वतःची नक्कल करत नाही. मी त्या ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारली. समितीच्या अध्यक्षांना यादी त्याच दिवशी हवी होती. मी खोडरबर घेतला आणि रेघ खोडली. ते शहर यादीत गेलं. तिथली हवा वाईट असेलही, खरोखर असेल. पण ती कोणी मोजली नव्हती. तू मोजली होतीस, आणि तुझ्यापुढे आडवी रेघ होती.

वर्षभराने बंद करायच्या केंद्रांची यादी आली. अपुरे आकडे देणारी केंद्रं, शंभरावर नावं, खाली सहीची जागा. तुझ्या गल्लीचं नाव मधल्या पानावर होतं. अजाणता सही झाली असं मी नंतर स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. अजाणता झाली नव्हती. मी नाव वाचलं आणि सही केली, कारण एक नाव काढायचं तर कारण द्यावं लागलं असतं आणि माझी बहीण तिथे काम करते हे कारण होऊ शकत नव्हतं. प्रामाणिकपणासारखं दिसणारं भित्रेपण असतं अक्का. ते मला चांगलं जमतं.

यंत्र उचलून नेल्याचं पत्र तुला मिळालं, त्यावर माझी सही होती. त्यानंतर सहा महिने तू फोनवर कावेरीला पाणी सुटल्याचं सांगितलंस, नारळ उतरवल्याचं सांगितलंस. एवढंच.

अम्माच्या श्राद्धाला मी आलो. ब्राह्मण जेवून गेले, आपण दोघं जेवलो, तू डांगर पचडी, ती दह्यातली उडदाच्या पिठाची, केली होतीस कारण मला आवडते. पानं उचलल्यावर तू मोपेडची किल्ली घेतलीस आणि म्हणालीस, "चल." पन्नाशीची तू पुढे, सरकारी अधिकारी मी मागे. कालव्याच्या पुलावरून जाताना वाऱ्याने तुझा पदर माझ्या तोंडावर येत होता आणि त्याला प्रयोगशाळेचा वास होता.

सेल्वीच्या घरी दोरीवरचे कपडे आत वाळत होते. सगळी भांडी पालथी घातलेली. तिने बसायला स्टूल दिलं, आधी ते फडक्याने पुसलं, आणि फडकं काळं झालं म्हणून दारामागे लपवलं.

"सार," ती तमिळमध्ये म्हणाली, "अक्का सांगतात तुम्ही दिल्लीत देशाची हवा बघता. आमची बघितलीत का?"

"इथे यंत्र होतं ना," मी म्हणालो.

"होतं. नेलं. कोणी नेलं?"

मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे न बघता सेल्वीला म्हणालीस, "वरून हुकूम आला."

तू तिला सांगू शकली असतीस. मला वाटतं तू मला तिथे त्यासाठीच नेलं होतंस आणि ऐन वेळी तुझ्याने झालं नाही. परत येताना तू पुलावर मोपेड थांबवलीस आणि आपलं ते भांडण झालं, जे पुरं झालंच नाही.

"तुझ्या नियमांत माझी गल्ली म्हणजे हवाच नाहीं," तू म्हणालीस. "माणसें श्वास घेतात तेथें, आणि हवा नाहीं."

"नियम सगळ्या देशाला सारखा लागतो अक्का."

"सारखा? जेथें वीज सारखी नाहीं तेथें नियम सारखा कसा?"

"मग काय, प्रत्येक गल्लीसाठी वेगळा करू? उद्या कोणीही दहा दिवसांचे आकडे पाठवेल."

"पाठवूं दे. दहा दिवसांचे आहेत असें लिही आणि वाच. तुला वाचायलाच नको झालें आहे. बेरीज होणा, आव्हरेज होणा. कापणीचे तीन महिने गल्ली गुदमरते तें तूं नऊ महिन्यांत मिसळतोस आणि म्हणतोस ठीक आहे."

मी चिडलो. म्हणालो की रकाने भरले असतेस तर आज यंत्र तिथे असतं. ते शब्द तोंडातून गेले आणि मला ते परत घेता आले नाहीत. तू पाण्याकडे तोंड फिरवलंस. मग म्हणालीस, "म्हणजे तुला तेंच होणा होतें. मग त्या दिवशीं फोनवर सांगायचें होतेंस." आणि मोपेड चालू केलीस.

मी मागे बसलो. त्यावर आपण पुढे कधी बोललो नाही.

तीन वर्षांपूर्वी तुझा खोकला सुरू झाला. आधी जिना चढताना धाप, मग बोलताना, मग नुसतं बसल्या बसल्या. फुफ्फुसं हळूहळू कडक होत जाण्याचा आजार, डॉक्टर म्हणाले, मागे फिरणारा नव्हे. तू तुझा एक्स-रे खिडकीकडे धरून, फिल्टरचा कागद बघायचीस तसा, बघितलास. मी रजा काढून आलो होतो आणि संतापलो होतो. ही गिरणीची राख आहे, म्हणालो. मी लिहितो, म्हणालो, सगळ्यांना पाठवतो, ज्या बाईने हवा मोजली तिचीच फुफ्फुसं गेली म्हणून.

तू हात वर केलास. तेव्हा बोलायला वेळ लागायचा तुला. "लिहूं नको. लहानपणीं अम्माच्या चुलीपाशीं बसलें. तीस वर्षें आम्लांच्या वाफेंत काढलीं. गल्लींत आठवड्याला दोन दिवस. कोणी किती केलें, तूं सांगशील?" दोन श्वास घेतलेस. "एक माणूस म्हणजे पुरावा नव्हे रघू. माझ्या नांवानें खोटें खरें करूं नको."

तेव्हा मला तुझा राग आला होता. मरताना तरी माणसाने आपल्या बाजूने बोलावं, असं वाटलं होतं.

शेवटचे चार महिने नळीतून हवा घेत होतीस. मी दर पंधरा दिवसांनी यायचो. तू गेलीस तेव्हा मात्र मी दिल्लीहून निघालो होतो, पोचलो नव्हतो. सेल्वी तुझ्याजवळ होती. दुपारची वेळ होती, तू पाणी मागितलंस, तिने चमच्याने पाजलं, दुसरा चमचा भरला तेव्हा तू नव्हतीस. हे तिने मला जसं सांगितलं तसं मी लिहिलं आहे. यात भर घालायचा मला हक्क नाही.

कागद घेऊन मी इस्पितळात गेलो. डॉक्टर तरुण आहेत, तुला ओळखायचे, त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीती दिसली. तक्रार घेऊन आलो असं त्यांना वाटलं.

"हे कारण बदलून द्या," मी म्हणालो.

"सार, सगळेच असं लिहितात. नातेवाइकांना काही अडत नाही." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "प्रदूषणामुळे असं लिहून हवं आहे का? तसं मला लिहिता येणार नाही."

एक क्षण, अक्का, मी नाही म्हणालो नाही. मागितलं असतं, आग्रह धरला असता, तर कदाचित काहीतरी मिळालंही असतं. मग म्हणालो, "नको. तिलाही ते चाललं नसतं. आजाराचं नाव लिहा आणि तो किती वर्षं होता ते लिहा."

"त्याने काय होईल सार?"

"कधी कोणी या जिल्ह्यातली फुफ्फुसाने गेलेली माणसं मोजायला बसलं तर तिची गणती व्हावी."

त्यांनी तुझी फाइल मागवली, तारखा बघितल्या आणि नवीन कागद लिहून दिला. मी निघताना म्हणाले, या वर्षी असे बरेच कागद मी लिहिले आहेत.

सातव्या दिवशी सेल्वी एक पिशवी घेऊन आली. त्यात चार वह्या होत्या, तमिळमध्ये, तुझ्या अक्षरात. यंत्र नेल्यावर तू काय करत होतीस ते मला तेव्हा कळलं. दर आठवड्याला तू गल्लीत जायचीस आणि घरोघर विचारायचीस: कोणाला खोकला, कोणाला धाप, किती दिवस, कामावर खाडा झाला का, पोरं शाळेत गेली का, गिरणी कोणत्या दिवशी चालू होती, वारा कोणीकडून होता. वजनकाटा नव्हता म्हणून तू माणसंच विचारलीस. आजारी पडल्यावरही रिक्षातून जात होतीस, नळी लागल्यावर प्राणवायूचा सिलिंडर शेजारी ठेवून. इस्पितळात होतीस त्या आठवड्यांची पानं कोरी आहेत आणि वर लिहिलं आहे: आले नाही, माहिती नाही. शेवटच्या वर्षातली अक्षरं तुझी नाहीत. मोठी, वाकडी, एकेक गिरवलेली.

"अक्कांनी शिकवलं," सेल्वी म्हणाली. "मला फक्त सही यायची. आधी नावं लिहायला शिकवलं. मग दिवस. मग खोकला." ती हसली आणि वह्या गोळा करू लागली.

मी तिला सांगितलं. यंत्र न्यायच्या कागदावर माझी सही होती, असं सांगितलं. ती वह्या पिशवीत भरत होती, तिचा हात थांबला नाही.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "अक्कांनी नाही सांगितलं. त्या दिवशी स्टुलावर बसून तुम्ही अक्कांकडे बघितलंत ना, तेव्हा कळलं."

त्या संध्याकाळी तुझ्या टेबलावर बसून मी समितीला टिपण लिहिलं. नियमाची चूक काय ती लिहिली, तू पानभर लिहून पाठवलं होतंस त्याच शब्दांत, तुझं नाव घालून. खोडलेली रेघही लिहिली: शहर, पान, महिना. माझ्या सहीखाली पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. ते वाईट माणूस नाहीत. तुझ्याबद्दल दोन शब्द बोलले. मग म्हणाले, "दुःखात माणसाच्या हातून काहीही लिहिलं जातं. ते मागे घ्या. मी वाचलं नाही असं समजतो."

"मागे नाही घेत."

"पहिली चौकशी तुमचीच होईल हे कळतं ना तुम्हाला? आणि यादी बदलणार नाही. आता कोणी बदलणार नाही."

"कळतं," मी म्हणालो.

काल पत्र आलं. मला समितीतून मोकळं केलं आहे, खुलासा मागवला आहे. नियमाचा विचार 'यथावकाश' होईल. तू असतीस तर त्या शब्दाला हसली असतीस. मी पराक्रम केल्याच्या थाटात हे सांगत नाही. पाच वर्षांपूर्वी केलं असतं तर त्याला काही अर्थ होता. तेव्हा मी समितीत होतो. तू जिवंत होतीस.

आज सकाळी सेल्वी दारात येऊन उभी राहिली. गल्लीचा दिवस होता. "अक्का पुढे जायच्या, मी मागे वही धरून," ती म्हणाली. "एकटीने दारं वाजवायला मला जमत नाही सार."

आम्ही गेलो. सांबा भाताची कापणी झाली आहे, धुरांडं चालू आहे. वाचनालयाच्या दारापाशी पोचेपर्यंत माझ्या चष्म्यावर काळं बसलं. पहिल्या दोन घरांत लोकांनी मला बघून हात जोडले, तुझ्याबद्दल बोलले, एका बाईने मला ताक दिलं. तिसऱ्या घरात एक म्हातारे खाटेवर टेकून बसले होते. गिरणीच्या बॉयलरमध्ये तूस टाकण्यात त्यांचा जन्म गेला, असं सेल्वीने मला दारात सांगितलं होतं. त्यांना नीट दिसत नाही. आमच्या पावलांची चाहूल लागताच ते खाटेवर सरकले आणि त्यांनी शेजारची जागा हाताने झाडली.

"बस बाई," ते म्हणाले. "दोन आठवडे आली नाहीस."

सेल्वीने माझ्याकडे बघितलं. तू गेल्याचं घरातल्या कोणी त्यांना सांगितलं नव्हतं.

मी त्या झाडलेल्या जागेवर बसलो. मी कोण ते सांगितलं, आणि तू गेलीस ते सांगितलं. ते शब्द मी कोणाला प्रथमच सांगत होतो. बाकी सगळ्यांना ते दुसऱ्या कोणीतरी सांगितले होते. म्हाताऱ्यांनी माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. त्यांची छाती वाजत होती, बाहेर गिरणी वाजत होती. मग त्यांनी विचारलं, "वही आणली आहेस?"

"आणली आहे."

"मग लिही. या आठवड्यात चार दिवस धाप. परवा रक्त पडलं, थोडं." ते श्वासासाठी थांबले. "हे घरच्यांच्या आधी बाईला सांगायचं होतं."

मी लिहून घेतलं, अक्का.